बोलकं खोकं
मुखरू मेकॅनिकचा या जुगाडात फायदा एवढाच, की नव्या स्पीकरसाठी नागभीडहून नागपूरची खेप वाचणार होती. वस्तीनं वर्गणी काढून घेतलेल्या एकुलत्या एका रेडिओतल्या स्पीकरचा फाटका कागद काढून त्यानं थरथरती कॉईल लाकडी खोक्यालाच चिकटवली, तर खोकंच बोलू लागलं. धानाच्या रोवणीहून दमून आलेली माणसं चिखलाच्या पायांनीच अंगणात बसली; गिरजाबाईंची कांता आकाशवाणीवर गाणार होती. गाणं सुरू झालं. बहिऱ्या गिरजाबाईंनी लेकीला जवळ घ्यावं तसा खोक्याला गाल टेकवला, थरथर गालाच्या हाडातून कानात शिरली, आणि त्या दचकल्या. "माय व! मले आयकू येऊन राह्यलं!" पण त्यांनी कवटाळताच खोक्याची थरथर दबली, इतरांना नुसती कुजबुज. "बाई, सारं गाणं तुमीच खाऊन राह्यल्या! सरका ना!" म्हणत शेजारचा देवराव उठला. गिरजाबाईंचे ओठ लेकीच्या सुरात हलत होते. ते पाहून तो पुन्हा खाली बसला. गाणं ऐकलं एकटीनं. वर्गणी भरली साऱ्या थकल्या वस्तीनं.