एका शब्दाचं उत्तर

“या मुलीला विवाहासाठी कोण देत आहे?”

चिटणिसांनी विचारलं आणि वाट पाहिली. उत्तर आलं नाही.

मुलीचा हात धरून उभे असलेले वडील याच चर्चचे पाळक होते. वेदीच्या याच पायरीवरून त्यांनी हा प्रश्न कितीतरी बापांना विचारला होता. उत्तर सोपं होतं. उपासनेच्या पुस्तकात एकच शब्द छापलेला होता, ‘मी’. कुणी बाप अडखळला की पाळकसाहेबांना त्याचा राग यायचा. एवढा एक शब्द, त्यात काय अवघड आहे, असं ते घरी येऊन म्हणायचे. आज स्वतःवर वेळ आली आणि तोंडाला कुलूप लागलं.

मागच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. त्यांनी हळूच एक सूर दाबला आणि दचकून बोट काढून घेतलं.

खरं तर चिटणिसांनी या पायरीवर असायचं काही कारण नव्हतं. ते शहरातल्या पाळक संघाचे चिटणीस, आणि पाळकसाहेब संघाच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. चिटणीस दरवर्षी येत, चहा घेत आणि तेच सांगत. “आम्ही महिन्यातून एकदा एकत्र बसतो. एक आजारी पडला तर दुसरा त्याची उपासना घेतो. नव्यांना शिकवतो. थकलेल्याला सुट्टी मिळवून देतो. एकमेकांसाठी प्रार्थना करतो.”

“मी आजारी पडत नाही,” पाळकसाहेब म्हणत. “सुट्टी घेऊन करू काय? आणि चार पाळक जमले की चहा आणि चहाड्या. आपण बरं, आपली मंडळी बरी.”

“अहो, न्हावी गावभर केस कापतो. स्वतःचे कापायला त्याला दुसऱ्या न्हाव्यापुढे बसावंच लागतं.”

पाळकसाहेब आपल्या चकचकीत टकलावरून हात फिरवत. “मला तेही काम पडत नाही.”

यावर दोघेही खळखळून हसत आणि चिटणीस पुढच्या वर्षी पुन्हा येत.

घोडं अडलं ते लग्नाच्या तालमीत. पाळकसाहेबांनी सगळं मनाशी ठरवून ठेवलं होतं. मुलीला दारापासून पायरीपर्यंत आणायचं. मग वर चढून, वळून, प्रश्न विचारायचा. खाली उतरून उत्तर द्यायचं. पुन्हा वर जाऊन लग्न लावायचं. त्यांनी ते करूनही दाखवलं. धावपळीत झग्यात पाय अडकला, तेव्हा नवऱ्या मुलाला हसू आवरेना. मुलगी मात्र हसली नाही.

“पप्पा, आईच्या वेळीही तुम्ही वरच उभे होतात.”

“मग दुसरं कोण उभं राहणार होतं?”

“ते मला माहीत नाही. मी खाली एकटी बसले होते.”

ती रागाने बोलली नाही. टोमणाही मारला नाही. म्हणूनच ते जास्त लागलं. बायकोचा दफनविधी पाळकसाहेबांनी स्वतः केला होता, तोही खणखणीत आवाजात, एक शब्द न गाळता. काय धीराचा माणूस, असं लोक म्हणाले होते. त्यांनाही मनातून बरं वाटलं होतं. पहिल्या बाकावर आपली मुलगी आहे आणि तिच्या शेजारी कुणी नाही, हे त्यांना दिसलंच नव्हतं. त्यांचं लक्ष पुस्तकाच्या पानावर होतं.

त्यांनी त्याच संध्याकाळी चिटणिसांना फोन केला.

“लग्नाला एक पाळक हवा आहे. त्यासाठी आधी सभासद व्हावं लागेल का?”

“आधी मुलीचं लग्न लावू. सभासद व्हायला काय, आयुष्य पडलं आहे.”

“आणि मी त्या दिवशी काय करायचं?”

“काहीच करायचं नाही,” चिटणीस म्हणाले. “तेच तुम्हाला जड जाणार.”

झालंही तसंच. आज अंगात झगा नव्हता. हातात पुस्तक नव्हतं. हातात फक्त मुलीचा हात होता आणि तो थंडगार पडला होता. लपायला एक पानसुद्धा नव्हतं. बायको गेल्यापासून जे रडू आलं नव्हतं, ते भर मंडळीसमोर आलं. पाळकसाहेबांना लाज वाटली. तालमीत हसं करून घेतलं आणि आता पोरीचं लग्न आपण रडून बिघडवणार, अशी भीतीही वाटली. ते खाली मान घालून उभे राहिले.

चिटणिसांनी पुस्तक मिटलं. ते पायरी उतरून खाली आले आणि पाळकसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून, फक्त बापलेकीला ऐकू जाईल असं बोलले.

“सावकाश. माझ्या मुलीच्या लग्नात पाळकांना मला तीनदा विचारावं लागलं होतं. आमच्या संघातला एकही बाप पहिल्या फटक्यात बोललेला नाही.”

मुलगी रडता रडता हसली. तिने वडिलांच्या दंडाला दंड टेकवला. चिटणीस परत वर गेले आणि काहीच झालं नाही अशा थाटात त्यांनी पुन्हा विचारलं, “या मुलीला विवाहासाठी कोण देत आहे?”

पाळकसाहेबांनी डोळे पुसले नाहीत. पुस्तकात छापलेलं उत्तरही दिलं नाही.

“आम्ही,” ते म्हणाले. “तिची आई आणि मी.”