वेणीचे होज

इनखामनं खोका उघडला आणि लगेच बंद केला. आत ब्रेकला तेल पोचवणारे दोन होज होते. रबराचे नव्हेत, पोलादी तारेची वेणी घातलेले, मासळीच्या पाठीसारखे चमकणारे.

"हे कशाला आणलेस?" त्यानं मुलीला विचारलं. "रबराचे चांगले आहेत की."

"चांगले आहेत, पण थकलेत, पो," फोंगचान बापाला म्हणाली. "उतारावर पेडल चिकट भातासारखं दबतं. चियांग माईतला दुकानदार म्हणाला, वेणीचे फुगत नाहीत. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी."

"दुकानदार घाट उतरून दाखवतो का?"

"तू तरी कुठं उतरतोस?" फोंगचानची आई पायरीवरून म्हणाली. ती केळीच्या पानात भात बांधत होती. "गॅरेजच्या दारापलीकडे तुझी मजल नाही."

इनखाम हसला नाही. त्यानं पाना उचलला, खाली ठेवला. पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

फोंगचान घाटापलीकडच्या इस्पितळात नर्स होती. सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, सगळ्यांची लेकरं घरी येतात, थोरांच्या हातांवर पाणी घालतात. तिला नेमकी तेव्हाच सुट्टी नसते. सणात अख्खा रस्ता पिऊन धावतो आणि इस्पितळातल्या खाटा भरतात. म्हणून ती यायची पावसाळा संपल्यावर, गाडीसाठी. रबराला भेगा पडतात, ते आतून सुजतं, दर वर्षी उघडून बघायला हवं, हा इनखामचा नियम. फोनवर तो 'ये' असं कधी म्हणाला नाही. "गाडी आण," एवढंच म्हणायचा. ती गाडी आणायची. मग गाडी लोखंडी घोड्यांवर चढायची, चाकं निघायची आणि चार दिवस घरात लेकीचं हसणं नांदायचं.

आणि आता हे खोक्यातले दोन. न सुजणारे, न भेगाळणारे. हे एकदा बसले की गाडी आणायला कारण काय उरलं?

रबराचेच नवे टाकतो म्हणावं, असं त्याच्या ओठावर आलं. पण डोळ्यांपुढं घाटातलं देवळीचं वळण उभं राहिलं. सगळे ड्रायव्हर तिथं हॉर्न वाजवून देवाकडे वाट मागतात. त्या वळणावर तिचा पाय मऊ पेडलवर खाली, आणखी खाली जाताना त्याला दिसला. चढताना गाडी मालकाची, उतरताना ब्रेकची, असं घाटातली माणसं म्हणतात. त्यानं जॅक लावला.

जुने निघाले, नवे चढले. स्टेअरिंग पार डावीकडे, पार उजवीकडे फिरवून होज कुठं घासत नाही ना, तेही त्यानं पाहिलं. मग पाइपातली हवा काढायची राहिली. ते काम एकट्याचं नाही. फोंगचान आत बसली. तो चाकापाशी वाकला. आई गाडीच्या उघड्या दारातून लेकीचे केस विंचरू लागली.

"दाब. धर."

त्यानं बारका नट सैल केला. नटाला लावलेल्या नळीतून बुडबुडे तेलाच्या बाटलीत उतरले. नट आवळला.

"सोड."

पुन्हा दाब, पुन्हा धर. आईची बोटं केसांत चालत होती, एक पेड या बाजूनं, एक पेड त्या बाजूनं. एकेक करून सगळी चाकं झाली. शेवटच्या चाकापाशी बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. नळीत नितळ तेल उभं राहिलं. इनखामनं नट केव्हाच आवळला होता. तो नळीकडे बघत बसला.

"पो, हवा येतेय का अजून?"

"नाही."

"मग सोडू का? पाय भरून आला."

डोंगरावर धुकं जमायला लागलं होतं.

"सोड," तो म्हणाला.

तिनं पाय उचलला. "आणि हे परत कधी बघायचे?"

ब्रेकच्या बाबतीत इनखाम खोटं बोलत नाही, असं सारा घाट म्हणायचा. धडधाकट भाग त्यानं कधी कुणाचा बदलला नव्हता. त्यानं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"दर वर्षी," तो म्हणाला. "पावसाळा संपला की. उघडूनच बघावे लागतात."

वेणीतली आईची बोटं क्षणभर थबकली. मग तिनं शेवटचा पेड घातला आणि गाठ मारली.

आरशाला गाडीच्या देवीसाठी ताजी माळ अडकवली गेली. भाताची पुडी सीटवर आली. फोंगचाननं इंजिन सुरू केलं आणि ब्रेक दाबून पाहिला.

"दगडासारखा लागतोय, पो."

"लागणारच."

ती निघाली नाही. काच खाली करून त्याच्याकडे बघत राहिली.

"दुकानदार म्हणाला, हे बसवले की वर्षानुवर्षं हात लावायला नको."

इनखामच्या हातात जुने होज होते. त्यानं ते उगाच वाकवले, सरळ केले, पुन्हा वाकवले. मान काही वर झाली नाही.

"दुकानदाराला काय कळतंय," आई म्हणाली.

फोंगचाननं इंजिन बंद केलं.

"पो, पुढच्या खेपेला गाडी आणली नाही, बसनंच आले, तर चालेल?"

इनखामनं होज खाली ठेवले.

"ये," तो म्हणाला.