तुमची ओळख मंजूर झाली आहे

"हाई तूच धाडं ना, माय?"

दिवालीबाईंनी मुलाचा बटणांचा मोबाइल हेमलतासमोर धरला. काचेला तडा गेला होता, पण मेसेज वाचता येत होता. 'रोहिदास पावरा, तुमची ओळख मंजूर झाली आहे.' खाली कंपनीचं नाव.

 ते वाक्य हेमलतानंच लिहिलं होतं.

जळगावातलं हे ऑफिस म्हणजे टाइल्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. कंपनीची सगळी कामं कंटेनरांच्या एका क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, चालत. त्या क्लस्टरमध्ये कुणाला शिरू द्यायचं, हे ठरवणारा नवा ओळख-सर्व्हर बसवायचा होता. त्याआधी चाचणीसाठी म्हणून हेमलतानं एक उभा केला. चाचणीला युजर लागतात. "खोटी नावं कुठं बनवत बसतेस?" म्हणून मालक अनुजनं एका जुन्या सर्व्हेची यादी तिच्याकडे दिली. सातपुड्याच्या पायथ्याचे दोनशे बारा वनदावेदार, वनजमिनीचा पट्टा मागणारे; त्यांची नावं आणि मोबाइल नंबर. युजर तयार झाला की त्याला मेसेज जाणार. चाचणीत तो बंद ठेवायचा असतो. ती विसरली.

"बसा अक्का. पाणी घ्या."

दिवालीबाई बसल्या नाहीत. पहाटे गावाहून निघून, दोन गाड्या बदलून त्या आल्या होत्या. पत्ता आश्रमशाळेच्या मास्तरांनी काढून दिला होता.

"मास्तरनी वाची दिना," त्या म्हणाल्या. "बठ्ठा गावनी आयकं. चौदा वरीस व्हयनात, मना आंडोरले दर खेपे सांगेत, तुनी ओळख पटत नही. एक कागदवर रोहिदास, दुसरावर रोयदास. आते ओळख मंजूर व्हयनी म्हनीसन त्यानी दुसरा दिन नांगर धरा. तिसरा दिन जंगलना नाकेदार उना. बैल लेई गया, आंडोरलेबी लेई गया. म्हने, पट्टाना कागद दखाड. मी कागद लेवाले उनू."

अमळनेरच्या घरात हेमलता हीच बोली बोलायची. ऑफिसात तिनं ती कधी तोंडातून काढली नव्हती.

"अक्का, हाई खरं नही शे," ती म्हणाली. "आमी नुसतं तपासी देखत व्हतू. ओळख पट्टानी नही, कंपुटरनी."

"खरं नही?" दिवालीबाईंनी पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. "आंडोरनं नाव खरं शे. लंबर खरा शे. मंग खोटं काय शे? चुकीसन गया व्हई तं तसा कागद लिखी दे, सकाय त्याले कोर्टमा उभा करतीन."

 काचेच्या केबिनमधून अनुजनं हेमलताला हात केला.

तो ओरडला नाही. त्यानं फक्त दार लावून घेतलं.

"काय मागतेय ती?"

"लेखी हवंय. मेसेज चुकून गेला असं. मुलाला उद्या कोर्टात उभं करणार आहेत."

"दोनशे बारा लोकांना गेलाय तो. एकीला लिहून दिलंस, तर उद्या दोनशे बारा दारात येतील."

"सर, यादी तुम्ही दिली होती."

"आणि मेसेज तू सोडलास." अनुजनं डोळे चोळले. "हेमलता, इथं अकरा जणांच्या नोकऱ्या आहेत. तुझीपण. आधी तो सर्व्हर उडव. लॉगसकट. मग तिला चहा पाज आणि गाडीत बसवून दे."

तो तिच्यामागोमाग बाहेर आला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. हेमलतानं कमांड टाइप केली. लॉग गेला की मेसेज कुठून निघाला, कुणी पाठवला, हे सांगणारं काहीच मागं उरणार नव्हतं. ती थांबली. खुर्चीवरचा हात हलला नाही. तिनं बटण दाबलं. पडद्यावर तीन ओळी सरकल्या आणि दोनशे बारा माणसं गेली.

दिवालीबाई बाजूला उभ्या राहून पडद्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला.

"व्हयना का कागद?" त्यांनी विचारलं. "कोठून निंघस तो?"

अनुज खिडकीकडे वळला.

हेमलता उठली. तिनं प्रिंटरमधला एक कोरा कागद ओढून घेतला आणि उभ्यानंच लिहायला लागली. मेसेज आमच्या कंपनीतून चुकून गेला. चूक माझी. रोहिदास पावरा यांनी तो खरा मानून नांगर धरला. तारीख, आपला मोबाइल नंबर. खाली सही, हेमलता अभिमन पाटील.

"त्यावर कंपनीचा शिक्का लागणार नाही," अनुज खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "आणि तो कागद गेला, तर तू उद्या येऊ नकोस."

"बरं," हेमलता म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

तिनं कागद मोठ्यानं वाचून दाखवला. दिवालीबाईंनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला. सहीच्या वळणांवरून त्यांचं बोट फिरलं आणि त्यांनी तो परत टेबलावर ठेवला.

"सही कोनबी करस," त्या म्हणाल्या. "आंगठा दे. आंगठा तुनाच राहस."

कुरिअरच्या वहीशेजारी शाईचं पॅड पडलं होतं. हेमलतानं अंगठा त्यावर टेकवला आणि कागदावर उमटवला. ठसा पुसट आला. नुसता एक निळा डाग. दिवालीबाईंनी तिचं मनगट धरलं. अंगठा स्वतःच पॅडवर नीट दाबला, कागदावर आणला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश लोळवला, दर कचेरीत कुणी ना कुणी त्यांचा लोळवला होता तसा.