तिची पाळी

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी दोघींनी झोक्यावर म्हणायची. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. लेक अश्विनी गेल्यापासून रंभाबाई गाणं तर सोडाच, कुणाशी धड बोलतही नव्हती. यंदा सुकलालनं बायकोसाठी मुद्दाम निंबाला झोका बांधला. सून निशाला जुन्या मोबाइलात अश्विनीनं गायलेली एक ओळ सापडली होती, ती तिनं लावली.

रंभाबाई चुलीपुढून उठली, झोक्यावर बसली आणि खणखणीत आवाजात उत्तर गायली. सुकलालचे डोळे भरून आले.

निशा तीच ओळ पुन्हा लावायला गेली.

"राहू दे माय," रंभाबाई म्हणाली. "मी दिलं ना उत्तर. आता तिची पाळी."

आखाजी सरली, पाऊस तोंडावर आला, तरी सुकलालला झोका सोडता आलेला नाही. रंभाबाई त्यावरून उठेल तेव्हा ना.