वर लागलेला सूर

व्याह्यांनी पहिल्याच ओळीला सूर असा काही वर लावला, की पुढच्या बाकावर बसलेल्या मास्तरांना दरदरून घाम फुटला.

तिसऱ्या ओळीला हे गीत आणखी वर चढतं. तिथे कोणाचाच गळा पोचणार नव्हता. मास्तरांना हे कळणारच, कारण याच चर्चमध्ये ते हयातभर ऑर्गन वाजवत आले होते. आज त्यांच्याच मुलीचं लग्न होतं आणि ऑर्गनचं झाकण बंद होतं. मुलाकडच्या लोकांना उपासनेत वाद्य चालत नाही. देवाची स्तुती करायची ती माणसाच्या गळ्याने, लाकडा-लोखंडाने नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी अटच घातली होती, वाद्य वाजलं तर आम्ही उठून जाऊ.

यावरून बोलणी मोडता मोडता राहिली होती.

“दावीद राजा वीणा वाजवायचा, तो काय चुकून?” मास्तरांनी भर बैठकीत विचारलं होतं.

“दावीद राजाने बायकाही पुष्कळ केल्या, मास्तर,” व्याही शांतपणे म्हणाले होते. मास्तर सोडून सगळे हसले. शेवटी मुलीच्या डोळ्यांतलं पाणी बघून मास्तरांनी झाकणाला कुलूप लावलं. पण तिला बजावलंही, “मी येईन, बसेन. मला तोंड उघडायला मात्र सांगू नकोस.”

दुसऱ्या ओळीला पुरुषांचे आवाज तुटायला लागले. तिसऱ्या ओळीला बायकांनीही माघार घेतली. मानेच्या शिरा ताणून व्याही एकटेच गात राहिले आणि मग त्यांचाही आवाज चिरकला. गाणं मध्येच बंद पडलं.

मास्तरांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, अगदी आतून बरं वाटलं. भोगा म्हणावं आता! आधाराला एक स्वर घेतला असता, तर ही वेळ आली असती का? त्यांच्याच बाजूच्या बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसलं.

व्याह्यांनी घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. पण घाबरलेला माणूस खालचा सूर धरणार कसा? या खेपेस तो आणखीच वर गेला. पहिल्या ओळीतच सगळे थांबले.

आता हसणंही थांबलं. मुलगी आणि जावई वेदीसमोर पाठमोरे उभे होते. डोक्यावरच्या पांढऱ्या जाळीखाली तिची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते. उद्यापासून ती त्या लोकांत राहणार, त्यांच्यात बसून प्रार्थना करणार. तुझ्या लग्नात तुझ्या माहेरच्यांनी सासऱ्याची फजिती मजेत बघितली, हे तिला जन्मभर ऐकावं लागणार.

“किल्ली खिशातच आहे ना?” मागच्या बाकावरून त्यांचे मोठे भाऊ कुजबुजले. “जा, वाजव. आता कोण नाही म्हणतंय तेच बघू.”

किल्ली खिशातच होती. मास्तर उठले.

पलीकडच्या बाकांवर चुळबुळ झाली. विहीणबाईंनी खाली ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. व्याह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते गीतपुस्तक छातीशी धरून नुसते मास्तरांकडे बघत राहिले.

मास्तर ऑर्गनकडे गेले नाहीत. जागच्या जागी उभं राहून त्यांनी तेच गीत, चांगलं खाली धरून, गायला सुरुवात केली.

आता मास्तरांच्या आवाजाचं काय वर्णन करावं! आवाज नव्हता म्हणूनच तर ते बोटांकडे वळले होते. बायकोनेसुद्धा त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं ते बरंच होतं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पहिली ओळ त्यांनी एकट्यानेच ओढली. कोणी साथ दिली नाही. मोठे भाऊ ओठ घट्ट मिटून बसले. पलीकडचे सगळे व्याह्यांच्या तोंडाकडे बघत होते. मास्तरांचे कान लाजेने तापले. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना झालं. थांबावंसुद्धा वाटलं, पण थांबायचं तरी कसं ते कळेना.

दुसऱ्या ओळीला पलीकडून एक फाटका आवाज येऊन मिळाला. तो व्याह्यांचा होता. मग विहीणबाई गायला लागल्या, मग इकडून तिकडून एकेक जण. तिसरी ओळ झेपली. सगळेच गात होते असं मात्र नाही. मोठ्या भावांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही, आणि मुलाकडची एक म्हातारी मास्तरांवर अजून चोरावर ठेवावी तशी नजर ठेवून होती.

कडवं संपलं. बाकांमधल्या वाटेपलीकडून व्याही हळूच म्हणाले, “मास्तर, वाद्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही हं.”

“माझंही नाही,” मास्तर म्हणाले. “दुसरं कडवं अजून थोडं खाली घेऊ या का?”

व्याह्यांनी मान डोलावली. दोघांनी एकदमच श्वास घेतला.