डावी मूठ

घोडीवरून पडून मुलीचा डावा पाय मोडला होता. पाय बरा झाल्यावर ती पुन्हा खोगिरावर बसली, पण घोडी सारखी उजवीकडेच जाऊ लागली. “बिघडलीय ती, विकून टाकू,” तिला घोडेस्वारी शिकवणारे बाबा म्हणाले. “घोडी नाही बाबा, मीच वाकडी बसतेय.” दुखऱ्या बाजूवर भार नको म्हणून ती नकळत उजवीकडे कलायची, घोडी त्या भाराकडे सरकायची आणि तिला सावरायला ही डावा लगाम ओढून धरायची. तिने दोन्ही पाय रिकिबींतून काढले आणि डावीकडे वजन टाकलं. मांडीतून कळ गेली. “उतर खाली!” बाबा ओरडले. ती दात आवळून बसून राहिली. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे डावी मूठ सैल पडली. घोडी मान मोकळी सोडून रिंगणाच्या मधोमध सरळ चालू लागली. बाबांनी घसा खाकरला. “डावा खांदा अजून वर आहे. पुन्हा फिरव तिला.”