गाळलेले कडवे

अमेरिकेच्या डोंगराळ भागातले ब्लूग्रास संगीत संभाजीनगरात वाजवणाऱ्या त्या बँडच्या कार्यक्रमपत्रिकेत गाण्यांचे दोनच वर्ग होते: 'स्वरचित' आणि 'पारंपरिक'. स्वरचित गाण्यांपुढे चारही वादकांची नावे ठळक छापली होती. पारंपरिक गाण्यांपुढची जागा परंपरेनुसार कोरी होती. फर्दापूरच्या वृद्ध मनकर्णाबाईंनी गाऊन दिलेले गाणे अर्थातच दुसऱ्या वर्गात होते. ते बँजो आणि व्हायोलिनवर वाजले, सभागृह डोलले, आणि परंपरेची वाहक म्हणून बाईंना शाल-श्रीफळ मिळाले.

"लई ग्वाड वाजवलं, लेकरा," त्या मुख्य गायक प्रणयला म्हणाल्या. "पर शेवटचं कडवं का नाय म्हणलं?"

"आजी, त्यात कुणा कडुबाचं नाव येत होतं. लोकगीतात असं एकाच माणसाचं नाव खटकतं, म्हणून गाळलं."

"ज्यानं गाणं जोडलं, त्यानं शेवटाला आपलं नाव घालायचं. रीतच हाय तशी."

प्रणय संशोधकही होता. चूक त्याला तत्काळ उमगली. त्याने पत्रिका उलटी केली आणि पेन काढले.

"म्हणजे हे गाणं कडुबांचं! कोण होते ते? पूर्ण नाव सांगा आजी, पुढच्या वेळी छापतो."

मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माझे मालक व्हते. बायकोनं नाव घ्यायचं नसतं, बाबा. मी आपली तेवढ्या त्या कडव्यातच घेत आले."